पाय वर केलेला बाजार

एका जंगलात सगळे काही होते, फक्त पाहुण्यांना दाखवण्यासारखा बाजार नव्हता.

म्हणजे बाजार होता. ओढ्याच्या काठी जुन्या करंजांच्या सावलीत तो रोज भरे. एकेका झाडाखाली एकेक सपाट दगड होता आणि एकेका दगडावर एकेक दुकान. पण ती दुकाने टिकत नसत. कासवाने निरोप पोचवण्याचा धंदा काढला होता. पहिला निरोप पोचायच्या आत तो बंद पडला. घुबडाने दुकान काढले, पण ते दिवसा उघडायचे असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सशाने कंद विकायला मांडले आणि गिऱ्हाईक येईपर्यंत एकेक करून चाखून पाहिले. ते उत्तम निघाले.

मुलांनो, याचे कोणाला फार वाईट वाटत नसे. कासव पुन्हा पाण्यात गेले. ससा पुन्हा गवतात गेला. मोकळ्या दगडावर दुसरे कोणी येऊन बसे.

पण एका वर्षी पलीकडच्या जंगलाचे वाघमहाराज पाहुणे म्हणून आले. त्यांनी बाजारातून एक फेरी मारली. मोकळ्या दगडांकडे पाहिले आणि ते म्हणाले, "छान आहे. बसायला जागा भरपूर आहे."

हे वाक्य आपल्या वाघमहाराजांच्या मनाला फार लागले. त्यांनी त्या दिवशी सांबर अर्धेच खाल्ले.

पुढच्या वर्षी पळस फुलला की पाहुणे परत येणार होते. म्हणून महाराजांनी दिवाणजींना बोलावले. दिवाणजी हे तरस होते. तरसाचा चेहरा हसल्यासारखा दिसतो. बातमी चांगली असो की वाईट, चेहरा तोच. म्हणून तर त्यांना दिवाण केले होते.

महाराज म्हणाले की कोणते दुकान बुडणार हे ते बुडायच्या आधीच कळले पाहिजे. एकदा कळले की ते दुकान टेकडीमागच्या उतारावर हलवता येईल. तिथे सावली नाही, पाणी नाही आणि पाहुणेही जात नाहीत. मग करंजाखाली फक्त टिकणारी दुकाने दिसतील.

"पण महाराज, बुडणार की नाही हे आधी ओळखायचे कसे?" एका रानडुकराने विचारले. त्याला पुन्हा दरबारात बोलावले गेले नाही.

दिवाणजींनी विचार केला. या जंगलात संकटाचा सर्वांत जास्त अभ्यास कोणाचा आहे? उत्तर एकच होते. टिटवीबाईंचा.

टिटवी पाय वर करून झोपते हे तुम्हाला ठाऊक असेलच. आभाळ कोसळले तर ते पायांवर झेलावे, म्हणून. ही टिटवीबाई त्यात फार नियमित होती. तिची आई तशीच झोपे, आजीही तशीच झोपे. दरबारात आल्यावर ती दोन पायांवर उभी राहिली, पण तिला ते बरे वाटत नव्हते हे दिसत होते.

महाराजांनी विचारले, "तुमच्या पद्धतीला काही पुरावा आहे का, बाई?"

टिटवीबाईने आदबीने विचारले, "महाराज, आजवर आभाळ पडलं का?"

महाराजांनी आठवून पाहिले. दिवाणजींनीही आठवून पाहिले. पडले नव्हते.

"मग," टिटवीबाई म्हणाली.

त्याच दिवशी तिची नेमणूक झाली.

टिटवीबाई वाईट नव्हती, हे मी आत्ताच सांगून ठेवते. गोष्टीत कोणी तरी दुष्ट असावे असे तुम्हाला वाटत असेल, तर ती जागा या गोष्टीत मोकळी आहे. टिटवीबाईला खरोखर सगळ्यांची काळजी वाटे. एखादे पान पडले तरी ती आधी आभाळाकडे बघे.

पहिल्यांदा तिने ठरवले की फक्त लहान आणि मध्यम धंदे तपासायचे. खारीएवढ्याचा धंदा लहान. तिथून अस्वलापर्यंत मध्यम. त्याच्या वर एकटे हत्तीदादा उरत. ते रस्ते करण्याचा धंदा करीत. त्यांचे रस्ते बांबूच्या बेटातून निघत, वाटेतला बांबू संपवत आणि फिरून त्याच बेटात येत. हत्तीदादांची तपासणी का नाही, असे कोणी तरी विचारले.

टिटवीबाई म्हणाली, "ते पडले तर आपल्या सगळ्यांच्या अंगावर पडतील. म्हणून ते पडणार नाहीत असं धरून चालायचं."

हे सगळ्यांना पटले. हत्तीदादांना तर लगेच पटले.

मग तिने मापनाची रीत सांगितली. ती अगदी सोपी होती. धंदा बुडतो कशाने? अचानक काही तरी कोसळते, त्याने. म्हणजे जो कोसळणारे झेलायला तयार आहे, तो बुडणार नाही. तयारी कशावरून कळते? पाय वर आहेत की नाहीत, यावरून. ज्याचे पाय वर, तो सुरक्षित. ज्याचे पाय जमिनीवर, तो बुडीत. सुरक्षिताच्या दगडावर ती आपले एक पांढरे पीस ठेवणार होती. बुडीताच्या दगडावर काळा गोटा.

"आणि एकदा गोटा ठेवला की?" दिवाणजींनी विचारले.

"पाहुणे येईपर्यंत पाय वर केले तर गोटा उचलीन," ती म्हणाली. "मी काही निर्दय नाही."

दुसऱ्या दिवशी ती धोंडबा अस्वलाकडे गेली. धोंडबा मध विकी. तो मनाने भला होता आणि अंगाने जड होता. त्याला आडवे व्हायला सांगितले तेव्हा तो लगेच झाला, कारण ते त्याच्या मनातच होते. त्याने चारही पाय वर केले. टिटवीबाईने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि त्याला 'अतिसुरक्षित' ठरवले. हे ऐकायला धोंडबा जागा नव्हता.

मग ती भागूकाकूंकडे गेली. भागूकाकू म्हणजे सायाळ. त्या आपले गळलेले काटे विकत. कान टोचायला, पाने शिवायला, दात कोरायला सगळे जंगल त्यांचेच काटे नेई. काकूंना तोंड चालवायची फार सवय होती. त्या म्हणाल्या की पाय वर करायला काय लागते, आमच्या वेळी आम्ही याहून अवघड गोष्टी केल्या आहेत. असे म्हणत त्या पाठीवर पडल्या. त्यांचे सगळे काटे जमिनीत रुतले. काकू जागच्या जागी पक्क्या बसल्या.

"किती स्थिर," टिटवीबाई म्हणाली आणि तिने पीस ठेवले.

म्हादू सुतारपक्ष्याकडे थोडा वाद झाला. म्हादू झाडात ढोली कोरून देई. पोपटांची सगळी बिऱ्हाडे त्याच्या हातची होती. तो म्हणाला की मला दोनच पाय आहेत, मग अस्वलाला चार पायांची सुरक्षितता आणि मला दोनच पायांची का? टिटवीबाईने विचार करून सांगितले की दोन पायांनाही पीस मिळेल, पण जरा लहान. म्हादूला लहान पीस चालले. तो उताणा झाला. मग त्याने चोच मारून पाहिली. चोच हवेत लागली. तो म्हणाला की हरकत नाही, हवाही कधी तरी कोरता येईल.

शेवटच्या करंजाखाली राहीचे दुकान होते.

राही ही खार. ती चारोळी फोडून देई. चारोळीचे कवच किती टणक असते हे तुम्ही कधी दातांनी फोडून पाहिले असेल तर तुम्हाला माहीत असेल, आणि तुमच्या आईलाही माहीत झाले असेल. ज्यांना चोच मऊ, ज्यांना दात नाहीत, ते सगळे राहीकडे येत. वानरनाना तर सकाळी सर्वांत आधी येऊन बसत. त्यांचे दात कधीच पडले होते. ते म्हणत, "राहीबाई, माझे दात तुझ्या तोंडात आहेत. जपून वापर."

राहीच्या दगडाच्या बरोबर वर, करंजाच्या बेचक्यात, तिचे घरटे होते. त्यात तीन पिल्ले होती. त्यांचे डोळे अजून उघडले नव्हते. राही थोडी चारोळी फोडी, वर जाऊन पिल्लांना पाजून येई आणि पुन्हा फोडायला बसे. दुकान आणि घर एकाच झाडावर होते, म्हणूनच तिला हे जमत होते. उन्हाळा तोंडावर आला होता. टेकडीमागच्या उतारावर करंज नव्हता. सावली देणारे काहीच नव्हते. तिथे डोळे न उघडलेली पिल्ले ठेवायची कुठे?

म्हणून राही टिटवीबाईशी वाद घालायला गेली नाही. ती मुकाट्याने पाठीवर पडली. तिने चारही पाय वर केले.

टिटवीबाईला आनंद झाला. ती पीस काढणार, तेवढ्यात वानरनाना म्हणाले की माझी सकाळची चारोळी राहिली आहे.

राहीने उताण्यानेच एक बी तोंडात धरली. खार चारोळी फोडते ती मागच्या पायांवर बसून, पुढच्या पायांत बी फिरवत. पाय आभाळाकडे असले की बी फिरवायची कोणी? बी गालात सरकली. तिने चावले तर कवचाचा तुकडा उडून तिच्याच डोळ्यात गेला. दुसरी बी घशात अडकली. नानांनी तिला उलटी धरून झटकले, तेव्हा ती बाहेर पडली.

राही उठून बसली. डोळा चोळत म्हणाली, "बाई, पाय वर केले तर चारोळी धरू कशानं?"

"तो धंद्याचा प्रश्न झाला," टिटवीबाई म्हणाली. "मी जोखमीचं बघते."

"पण धंदाच झाला नाही तर बुडणारच ना मी?"

"बुडशील. पण सुरक्षितपणे."

राहीला हे कळले नाही. तिने बी उचलली, मागच्या पायांवर बसली आणि नानांना चारोळी फोडून दिली. टिटवीबाईने फार जड मनाने तिच्या दगडावर काळा गोटा ठेवला. ठेवताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. गोटा मात्र तिने नीट मधोमध ठेवला.

आता बाजार कसा दिसू लागला ते सांगते. एका रांगेत सगळे दुकानदार उताणे. त्यांचे पाय आभाळाकडे. प्रत्येकाच्या बाजूला एक पांढरे पीस. धोंडबाचा मध मुंग्यांनी नेला. तो घोरत होता आणि त्याचे चारही पाय झोपेतही वर होते, याचे टिटवीबाई सगळ्यांना उदाहरण देई. भागूकाकूंचे काटे त्यांच्याच पाठीखाली असल्यामुळे विकता येत नव्हते. पोपटांच्या नव्या जोड्या ढोलीसाठी म्हादूपाशी येऊन थांबत आणि कंटाळून जात.

गिऱ्हाइके एकाच दुकानात दिसत. काळा गोटा ठेवलेल्या. राहीने तो गोटा वाया जाऊ दिला नाही. टणक बिया ती त्याच्यावर आपटून घेई.

भागूकाकूंना हे बघवत नव्हते. त्यांना मान वळवता येत नसे, पण आवाज पोचवता येई.

"काय गं राही," त्या आभाळाकडे बघत म्हणाल्या, "बुडीत दुकानात एवढी गर्दी कसली? लोक अंत्यदर्शनाला येतायत का?"

"चारोळीला येतायत, काकू. तुम्हाला देऊ?"

"मला नको. आमच्याकडे पीस आहे." थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "तोंडात टाक दोन. हात मोकळे नाहीत माझे."

राहीने त्यांच्या तोंडात चार टाकल्या. काकू चावत चावत म्हणाल्या की पोरी, हट्ट सोड, पिल्लांचा विचार कर. राही म्हणाली की तोच करते आहे. पाय वर केले तर पिल्ले करंजावर राहतील, पण तिला खायला मिळणार नाही, मग दूध येणार नाही. पाय खाली ठेवले तर दूध येईल, पण करंज जाईल. ती रोज सकाळी पळसाकडे बघे. कळ्या काळ्या मखमलीसारख्या दिसू लागल्या होत्या. तिला वाटे, यंदा जरा उशिरा फुलावे.

पळस कोणाचे ऐकत नाही. तो फुलला.

पाहुणे येण्याचा दिवस ठरला. त्यांच्यासाठी खास रस्ता हवा, म्हणून दिवाणजींनी ते काम हत्तीदादांना दिले. ओढा त्या दिवसांत कोरडा असे. हत्तीदादा पाहुण्यांना घेऊन ओढ्याच्या पात्रातूनच यायला निघाले. तोच रस्ता, असे त्यांनी जाहीर केले. म्हणजे रस्ता करायचेही काम उरले नाही.

आता टिटवी अंडी कुठे घालते, हे तुम्हाला माहीत आहे का? झाडावर नाही. बिळात नाही. ती उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालते. वर छप्पर नाही, भोवती काडी नाही. आमच्या टिटवीबाईची चार अंडी ओढ्याच्या पात्रात, बाजाराच्या अगदी समोर होती. ती खड्यांसारखीच दिसत. आभाळ पडले असते तर ती वाचवण्याची सगळी तयारी टिटवीबाईने केली होती.

त्या सकाळी वाघमहाराज आणि दिवाणजी काठावर स्वागताला उभे होते. बाजार रांगेत उताणा होता. रांगेच्या टोकाला, सर्वांना दिसेल अशी, टिटवीबाई स्वतः पाय वर करून पडली होती. पाय वर केलेल्या प्राण्याला फक्त आभाळ दिसते. टिटवीबाईला आभाळ अगदी स्वच्छ दिसत होते. त्याला कुठे तडा नव्हता.

जमीन हादरू लागली. हत्तीदादा आले. त्यांच्या मागून पाहुणे महाराज येत होते. हत्तीदादांचे लक्ष वरच्या फांद्यांकडे होते. त्यांचे पाऊल खड्यांवर पडत होते, आणि पुढचे पाऊल त्या चार खड्यांवर पडणार होते जे खडे नव्हते.

महाराज आणि दिवाणजी पाहुण्यांकडे बघत होते. हे दिसले एकटीला. जिचे पाय खाली होते तिला.

राही दगडावरून झेपावली. काठ उतरली, पात्रातून पळत गेली आणि हत्तीच्या उचललेल्या पायासमोर शेपूट फुलवून उभी राहिली. तिने जो चिरचिराट केला तो भागूकाकूंच्याही वरचा होता. आपल्या पिल्लांसाठी खार अशी ओरडते. दुसऱ्याच्या अंड्यांसाठी कोणी खार ओरडलेली तोवर जंगलाने ऐकली नव्हती.

हत्तीदादा दचकले. त्यांचे पाऊल तसेच हवेत थांबले.

टिटवीबाईने मान वळवून पाहिले. तिला हत्तीचा पाय दिसला, पायाखाली राही दिसली आणि राहीच्या शेपटीमागे आपली अंडी दिसली. ती इतकी घाबरली की तिचे पाय आणखी वर गेले.

हत्तीदादांनी पाऊल हळूच बाजूला टेकले. अंडी जशीच्या तशी होती. पाहुणे महाराज पात्रातून वर आले. टिटवीबाई धावत अंड्यांपाशी गेली, एकेकाला चोच लावून पाहिली, मग राहीपाशी आली.

"राही, तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही," ती म्हणाली.

राही धापा टाकत होती. तिने फक्त करंजाकडे पाहिले. बेचक्यातून पिल्लांची चिवचिव येत होती.

टिटवीबाईनेही तिकडे पाहिले. मग तिने मान खाली घातली.

"पण उपकार वेगळे आणि मापन वेगळं," ती म्हणाली. "तू सगळ्यांसमोर चारही पायांनी पळालीस. तीन पिल्लांची आई असून हत्तीच्या पायाखाली गेलीस. एवढी जोखीम मी अजून कोणत्याही धंद्यात पाहिलेली नाही. मला हे लपवता येणार नाही."

तिने दिवाणजींना सांगितले की राहीचे दुकान आजपासून बुडाले असे समजावे. आणखी एक गोष्टही तिने सांगितली. हत्तीदादांनी आज एक पाय वर करून दाखवला होता. मोठ्या धंद्याने आपणहून मापनात भाग घेतल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांना एक मोठे पीस देण्यात आले.

मग पाहुणे महाराजांनी बाजार पाहिला. ते रांगेवरून सावकाश चालत गेले. धोंडबापाशी थांबले. भागूकाकूंपाशी थांबले. म्हादूला त्यांनी पंजाने जरा हलवून पाहिले. मग आपल्या महाराजांच्या कानाशी लागून त्यांनी विचारले, "हे सगळे मेलेत का?"

"नाही," आपले महाराज अभिमानाने म्हणाले. "सुरक्षित आहेत."

पाहुण्यांनी मान डोलावली. एकही दगड मोकळा नव्हता, हे त्यांना कबूल करावे लागले. आमच्याकडे बाजारात फार आवाज असतो, असेही ते म्हणाले. लांबून चालत आल्यामुळे त्यांना भूक लागली होती. त्यांनी विचारले की इथे खायला काय मिळते. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले, म्हणजे ज्यांना मान वळवता येत होती त्यांनी. शेवटच्या करंजाखाली राही पुन्हा दगडावर बसली होती. वानरनाना समोर बसले होते, म्हणून ती फोडत होती.

"ते दुकान चालू दिसतंय," पाहुणे म्हणाले.

"ते बुडालंय, महाराज," दिवाणजी म्हणाले.

"मग ती फोडतेय काय?"

"सवय, महाराज. जाईल हळूहळू."

पाहुणे उपाशीच परतले. जाताना ते म्हणाले की इतका शांत बाजार त्यांनी कुठेच पाहिला नाही. वाघमहाराजांनी त्या दिवशी अख्खे सांबर खाल्ले.

संध्याकाळच्या आत राहीला करंज सोडावा लागला. तिने एकेक पिल्लू मानेला धरून टेकडीपलीकडे नेले. वानरनानांनी बियांची गाठोडी उचलली. नाना सगळी वाट कुरकुरत होते की या वयात चढ चढायला लावतात, निदान दात तरी शेजारी असावेत. उतारावर एका फुटक्या खडकाच्या भेगेत राहीने पिल्ले ठेवली. दुपारी खडक तापे. तेव्हा ती भेगेच्या तोंडाशी शेपूट पसरून बसे आणि तिथूनच चारोळी फोडी. पिल्लांचे डोळे उघडले ते तिथेच. त्यामुळे जग असेच असते, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी करंज कधी मागितला नाही. राहीला मात्र तो आठवे.

पहिले काही दिवस नानांखेरीज कोणी आले नाही. मग साळुंक्या आल्या. मग होले आले. त्यांना टेकडी ओलांडायला काही लागत नाही, पंख असतात.

एका सकाळी म्हादू आला. त्याने इकडेतिकडे पाहून सांगितले की मी सहज आलो आहे. मग त्याने उतारावरच्या एका वाळक्या झाडावर चोच मारून पाहिली. लाकूड लागले. त्याला इतके बरे वाटले की त्याने दुपारपर्यंत एक ढोली कोरली. ती राहीच्या पिल्लांना झाली. दुसऱ्या दिवशी पोपटांची रांग लागली. म्हादूच्या दगडावर काळा गोटा ठेवावा लागला. गोटा ठेवायला टिटवीबाई गेली तेव्हा तिथे पीस होते, म्हादू नव्हता.

भागूकाकूंना उठवायला मात्र नानांना बरेच ओढावे लागले. त्या उठल्या तेव्हा त्यांचे निम्मे काटे जमिनीतच राहिले. ते त्यांनी मोजून काढून घेतले आणि उतारावर विकायला आणले. येता येता त्या सगळ्यांना सांगत होत्या की बुडायला काय लागते, आमच्या वेळी आम्ही याहून वाईट बुडालो आहोत.

मग बाकीचेही एकेक करून उतारावर आले. धोंडबा तेवढा राहिला. त्याला कोणी उठवले नाही. तो अजून अतिसुरक्षित आहे.

उतारावर इतके धंदे बुडाले की तिथे चालायला जागा राहिली नाही. वाघमहाराजांना चिंता वाटली. त्यांनी दिवाणजींना विचारले की आपल्याकडे बुडणाऱ्यांचे प्रमाण फारच वाढले आहे का. दिवाणजी म्हणाले की मुळीच नाही. उतार हा बाजारात मोडत नाही. बाजारात सध्या एकही धंदा बुडालेला नाही. बाजारात सध्या एक अस्वल आहे, आणि ते स्थिर आहे.

महाराजांचे समाधान झाले. तरी त्यांना चारोळी आवडे. बुडालेल्या दुकानात राजाने जाणे बरे दिसत नाही, म्हणून ते मागच्या वाटेने जात. तिथे त्यांना दिवाणजी भेटत. दिवाणजींचे तोंड भरलेले असे. ते हसत आहेत की चावत आहेत हे काही महाराजांना कळत नसे, आणि दोघेही एकमेकांना ओळख न दाखवता पुढे जात.

पुढच्या वर्षी टिटवीबाईची पुन्हा अंडी घालायची वेळ झाली. ती कुठे आली असेल, सांगा पाहू.

ती राहीच्या दुकानामागे आली. तिने खडे बाजूला केले, जागा बघितली आणि संकोचून विचारले की इथे अंडी घातली तर चालेल का.

"घाला की," राही म्हणाली. "पण इथं का, बाई? ही तर बुडालेल्यांची जागा."

"म्हणूनच," टिटवीबाई म्हणाली. "मी सगळं जंगल मापून पाहिलं. बाकी सगळीकडे काही ना काही बुडू शकतं. इथे बुडण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही. याहून सुरक्षित जागा मला सापडली नाही."

टिटवीबाईने खड्यांमध्ये चार अंडी घातली, त्यांच्या शेजारी उताणी झाली आणि पाय आभाळाला लावले. राहीने आपला दगड थोडा सरकवला, म्हणजे बसल्या जागेवरून अंडी दिसतील. मग ती पुढची चारोळी फोडायला लागली.

तात्पर्य : धंद्यात अपयशाची भीती वाटत असेल, तर ते सुरुवातीलाच अधिकृतपणे पदरात पाडून घ्यावे. पुढे कामाला निवांतपणा मिळतो. आभाळ अजून पडलेले नाही, याचे श्रेय मात्र पाय वर करणाऱ्यांनाच द्यावे. त्यांना द्यायला आपल्याकडे दुसरे काही नाही, आणि घ्यायला त्यांचे हात मोकळे नाहीत.